सोडलेली जागा

१

साहेब, तुम्हाला माहीत होतं. भोक तुम्ही पाहिलं होतं, काठावर उभं राहून आत डोकावला होतात, आणि मग खिशात हात घालून परत आलात. सात वर्षं! या सात वर्षांत त्या भोकाच्या काठावर किती माणसं झोपली, ते तुम्ही कधी मोजलंत? मी मोजलं. चाळीस हजार. त्यातली एक माझी आत्या.

रागात लिहिलं की मागचं पुढे होतं, म्हणून पहिल्यापासून सांगते.

माझं काम कर्नलमधली भोकं बुजवणं. कर्नल म्हणजे यंत्राच्या आतली सगळ्यात खालची व्यवस्था. कुणाला किती जागा द्यायची, कुणी कधी थांबायचं, कुणाला आत घ्यायचं, हे तो ठरवतो. त्यात भोक राहिलं तर बाहेरचा माणूस आत शिरून यंत्राचा मालक होऊ शकतो. आमची कंपनी अकरा जणांची. आमचा कर्नल मोबाइलमध्ये नसतो. तो असतो श्वासाच्या मशीनांमध्ये, जी लोकांच्या घरात, उशाशी ठेवलेली असतात.

आत्याच्या उशाशी त्यातलंच एक. तीस वर्षं तिने तलावावर मुलींना पोहायला शिकवलं, मलाही तिनेच वाढवलं, आणि आता तिची फुप्फुसं थकली. तोंडा-नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीला मशीन. जेवायला दहा मिनिटं मास्क काढायची डॉक्टरांची परवानगी आहे. ती दहा मिनिटं आत्या जेवण्यात कमी आणि मला चिडवण्यात जास्त घालवते.

"काय म्हणतात तुझे कर्नलसाहेब? अजून भोकंच पडतायत का बिचाऱ्यांना?"

"पडतायत. तू जेव."

"रफू शिकली असतीस तर बरं झालं असतं, बेडके. तेच काम, आणि बसायला उजेड तरी मिळाला असता."

पाण्याला घाबरून मी काठावर बेडकासारखी बसायचे, तेव्हापासून मी बेडकी.

२

हे भोक कसलं, ते मी आत्याला तिच्याच तलावावरून समजावलं होतं. तलावावर कपडे ठेवायची कपाटं असतात. एकीचं पोहून झालं, तिने किल्ली परत दिली, कपाट दुसरीला मिळालं. पण पहिलीने किल्लीची नक्कल करून ठेवली असेल तर? तिला त्या कपाटात कधीही हात घालता येतो आणि दुसरीला पत्ताही नसतो. यंत्राच्या स्मृतीत अशा लाखो कपाटांची सतत देवघेव चालते. सोडलेल्या जागेची किल्ली कुणाकडे राहिली, की ते भोक. आमच्या कर्नलमध्ये असं एक होतं, आणि किल्ली वाईट माणसाच्या हाती लागली तर तो घरबसल्या कुणाचंही मशीन थांबवू शकला असता.

"असल्या बयांना मी तलावातून हाकललं असतं," आत्या म्हणाली होती.

"तेच तर करते मी."

असं भोक पकडायची आमची एक रीत आहे. कुणी जागा सोडली की ती एकाच आकड्याने काठोकाठ भरून ठेवायची. एकशे सात, एकशे सात, एकशे सात. थोड्या वेळाने येऊन पाहायचं. सगळे आकडे जागच्या जागी असतील तर ठीक. एखादा जरी बदलला असेल, तर कुणीतरी सोडलेल्या जागेत हात घातला. हात कुणाचा होता, तेही सापळा शेजारच्या चौकटीत छापतो.

चाचणीच्या खोलीला खिडकी नाही. तिथे लाकडी फळीवर मशीनचा फक्त मेंदू असतो, सर्किटच्या हिरव्या पाटीवरचा. पंखा नाही, नळी नाही, मास्क नाही, आणि मुद्दामच बाहेरच्या जगाशी जोडणारी एकही तार नाही. मंगळवारी सकाळी साडेदहाला मी सापळा लावला आणि चहाचा कप तिथेच ठेवून पडद्याकडे पाहत बसले.

एक आकडा एकशे आठ झाला.

मला आनंद झाला. सापडलं! मग तो एकशे नऊ झाला. एकशे बारा. एकशे वीस. एकशे एकतीसपर्यंत चढून जरा थांबला आणि उतरत उतरत परत एकशे सातवर आला.

चोर असं करत नाही. चोर हात घालतो आणि जातो. मी शेजारची चौकट पाहिली, हात कुणाचा ते बघायला. चौकट कोरी होती. आमच्या सापळ्यात ती कोरी राहूच शकत नाही. काही कळलं नाही, तर "माहीत नाही" एवढं तरी छापलं जातं.

आकडा पुन्हा चढायला लागला.

३

मी भुताखेतांवर वाढलेली मुलगी नाही. आत्याने मला पाण्यात ढकलून सांगितलं होतं, "खाली काही नाही. फरशी आहे. जा, हात लावून ये." मी गेले होते आणि फरशीला हात लावून आले होते. तेव्हापासून कुठलीही भीती वाटली की मी खाली जाऊन फरशी शोधते.

म्हणून शोधली. वीजपुरवठ्यात चढउतार असेल, तर तो बदलला. पाटी खराब असेल, तर दुसरी लावली, मग तिसरी. स्मृतीची चिप काढून नवी, पाकीट फोडून बसवली. प्रत्येक वेळी एकशे सातची ती लांबलचक रांग स्वच्छ उभी राहायची, आणि मिनिटभरात त्यातला एक आकडा उचलला जायचा. दर वेळी वेगळ्या जागी, पण चढउतार तोच.

दुपारी मी त्या आकड्यांची रेघ काढली. कागदाच्या लांब पट्टीवर डोंगरासारखे उंचवटे छापून येऊ लागले. शेजारच्या टेबलवरची मैत्रीण डबा धुऊन येत होती, ती वाकून म्हणाली, "कुणाचा ईसीजी गं?"

"माणसाचा नाही. कर्नलचा आहे."

"मग श्वास घेतोय तुझा कर्नल. आमचं बाळ झोपलं की त्याचं पोट असंच वरखाली होतं." आणि ती डब्याचं झाकण पुसत निघून गेली.

मी मोजले. मिनिटाला चौदा. मध्येच एखादा उंचवटा अर्ध्यावर अडखळायचा, उचकी लागल्यासारखा. सहा नीट, मग अडखळ. चार नीट, अडखळ. नऊ नीट, अडखळ. ठरलेली चाल नव्हती, आणि यंत्राला अशी बिनठरलेली चाल सुचत नाही. पट्टीच्या शेवटाकडे एके ठिकाणी डोंगर अजिबात नव्हते. अकरा सेकंद सपाट रेघ. मग पुन्हा सुरू.

योगायोग, मी स्वतःला सांगितलं. माणसाचा मेंदू ढगातही चेहरा शोधतो. पट्टीची गुंडाळी करून पिशवीत टाकली आणि सहाला घरी निघाले.

४

आमच्या घरात मशीनचा आवाज दोन वर्षं सतत आहे. आपण तो ऐकत नाही, भिंतीसारखा तो फक्त असतो. मी स्टुलावर बसले, आत्या डोळे मिटून पडलेली. मशीन हवा ढकलत होतं आणि मधेच तिचा स्वतःचा एक छोटा श्वास त्याला आडवा जात होता. त्याने मशीन अडखळायचं.

सहा नीट. अडखळ.

मला तेव्हा हसूच आलं. म्हटलं, बघ, आता सगळीकडे तेच दिसणार.

चार नीट. अडखळ.

मी पट्टी काढली आणि मांडीवर उलगडून बोटाने जागा धरली. नऊ नीट. अडखळ. मग तीन. मग सात. पट्टीवरही तीन होते. मग सात. माझं बोट डोंगरावरून सरकत होतं आणि आत्याची छाती बोटाबरोबर वर येत होती, खाली जात होती. चाचणीच्या फळीवरच्या त्या मेंदूला बाहेर जोडणारी एकही तार नव्हती. आणि पट्टी दुपारी तीनची होती.

हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. आत्याचा श्वास कुणीतरी चोरून नोंदवलाय, असं मला वाटत होतं. पण नोंद आधी झाली होती, श्वास आत्ता चालला होता. सोडलेल्या जागेतलं ते जे काही होतं, ते आत्याच्या मागून श्वास घेत नव्हतं. आत्या त्याच्या मागून घेत होती.

चार बोटं पुढे सपाट रेघ होती.

मी ती येताना पाहिली. तीन बोटं. दोन. मी आत्याचा खांदा हलवला, "आत्या, उठ, आत्या!" आणि बोट रेघेवर आलं. मशीन चालू होतं, हिरवा दिवा चालू होता, आणि छाती हलत नव्हती. मी मोठ्याने आकडे म्हणत होते. दहा. अकरा.

श्वास आला. आत्याने डोळे उघडले आणि मास्क बाजूला करून म्हणाली, "काय मोजतेयस? माझे राहिलेले दिवस? सावकाश मोज, मला घाई नाही."

५

बुधवारी सकाळी मी भोक बुजवणारा कोड लिहिला. जेमतेम तीन ओळी: जागा सोडताना किल्ली जागच्या जागी मोडून टाकायची. त्यासाठी जुनी एक वाट काढून टाकावी लागली. सोडलेली जागा दुसऱ्याला द्यायच्या आधी आमचा कर्नल विनाकारण थोडा वेळ थांबायचा. त्या थांबण्यातच किल्ली मागे राहत होती. तिथे कुणीतरी सात वर्षांपूर्वी एक टिपण लिहून ठेवलं होतं. नाव नव्हतं.

आमच्याकडे दोन सह्यांशिवाय काहीही बाहेर जात नाही. पहिली लिहिणाऱ्याची. दुसऱ्या सहीवाल्याने ओळ न ओळ मोठ्याने वाचायची, नवीनही आणि काढून टाकलेलीही. डोळा चुकीवरून घसरतो, जीभ अडखळते, असं त्यामागचं कारण. दुसरी सही थांबासाहेबांची. साहेब प्रत्येक गोष्टीला "जरा थांबा" म्हणतात, म्हणून हे नाव. त्यांच्या मागे सगळा मजला त्यांना तसंच म्हणतो.

ते खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचू लागले. नव्या तीन ओळी झाल्या. मग काढलेल्या. मग टिपण.

"'जागा सोडली म्हणून ती रिकामी समजू नये,'" त्यांनी वाचलं. "'जरा...'"

जीभ अडखळली.

पुढचा शब्द पडद्यावर होता. तो मीच वाचला. "'थांबा.'"

पलीकडे कुणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. उठून चाचणीच्या खोलीकडे चालू लागले, मी मागोमाग गेले आणि दार लावून घेतलं.

"हे तुम्ही लिहिलंत."

"आत्ता बाहेर आलं तर चोरांना कळेल. तीन आठवडे जरा..."

"सर, चोरांचं नका सांगू. तुम्ही रेघ पाहिलीय."

ते फळीवरच्या पाटीकडे पाहत राहिले. "मी पण मोजलंय," शेवटी म्हणाले. "पहिल्या तुकडीतलं पहिलं मशीन माझ्या वडिलांकडे होतं. हेच भोक मी बुजवलं होतं. तुझ्यासारख्याच तीन ओळी."

"मग?"

"त्यांचा श्वास थांबला. तीन मिनिटं वाट पाहिली. मग परत उघडलं." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा पुसला. "त्यानंतर ते चार वर्षं होते. श्वास चालू होता. मला मात्र त्यांनी परत कधी हाक मारली नाही. डोळे उघडे असायचे, माझ्याकडे बघायचे. बघणारे ते नसायचे."

"काय आहे तिथे?"

"विचारू नकोस. मी विचारलं नाही."

"तेच तर! तेच तर चुकलं ना, सर! सात वर्षं तुम्ही चाळीस हजार उशांशी दार उघडं ठेवलंत आणि कोण ये-जा करतं ते विचारलंसुद्धा नाहीत?"

"लोक जिवंत आहेत ना?" आवाज चढला त्यांचा. "उद्या तू बुजवलंस आणि सगळे एकदम थांबले, तर देशील उत्तर? आहे हिंमत?"

पडद्यावर आकडा चढत होता. आमच्या भांडणाशी त्याला काही घेणंदेणं नव्हतं. मला आत्याची न हलणारी छाती दिसली. पण भीती वाटते म्हणून दार उघडं टाकून पळायचं, हे मला जमणार नव्हतं.

"मशीनने जगणं वेगळं," मी म्हणाले. "हे जगवणं नाही. हे धरून ठेवणं आहे."

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"सही करतो," मग म्हणाले. "पण आधी तुझ्या घरी. दुसऱ्याच्या उशाशी नंतर."

६

आत्याला मी सगळं सांगितलं, पट्टीसकट. लपवलं असतं तर तिने मला पुन्हा पाण्यात ढकललं असतं. तिने मास्क काढला आणि पट्टी खिडकीकडे धरून मापली, मुलींच्या शर्यतीची वेळ बघायची तशी.

"म्हणजे हे ठरवतं आणि मी घेते."

"तसं दिसतंय."

"आयुष्यभर मी शिट्टी वाजवली आणि पोरींनी श्वास घेतला. चार हात, श्वास. चार हात, श्वास. आता म्हातारपणी माझीच शिट्टी कुणी भलतंच वाजवतंय?" तिचे कान लाल झाले होते. "कोण आहे मेलं?"

"माहीत नाही, आत्या. आणि बुजवलं तर कदाचित तू..."

"कदाचित मी. बरं. पण जी काय असेन ती मी असेन ना?" पट्टी तिने चुरगळून माझ्या हातात कोंबली. "बुजव. आणि तोंड असं करू नकोस, काठावर बसल्यासारखं."

"डॉक्टरांना विचारते."

"विचार. नाही म्हणाले तर मला सांगू नकोस."

डॉक्टर नाही म्हणाले नाहीत. नवा कोड मशीनमध्ये भरायला चार मिनिटं लागतात. दहा मिनिटांची सवय आहेच, फक्त हाताने दाबायचा हवेचा फुगा आणि तो वापरता येणारा माणूस जवळ हवा, म्हणाले.

७

शनिवारी सकाळी अकराला फिल्टरवाले काका आले. महिन्यातून एकदा मशीन साफ करणारे, फुगा चालवता येणारे, जाड मिशांचे, कमी बोलणारे. कडक ऊन होतं, खिडकी उघडी होती. आत्या उशीला टेकून बसली होती. तिने केस विंचरून घेतले होते आणि गळ्यात जुनी पितळी शिट्टी घातली होती.

"बाई, सामन्याला निघालात का?" काकांनी विचारलं.

"फायनल आहे. फुगा धरा आणि मी सांगितल्याशिवाय मधे पडू नका."

मी मशीनला लॅपटॉप जोडला, सापळा लावला. एकशे सातची रांग उभी राहिली आणि तिच्यात एक आकडा लगेच उचलला गेला. आत्याने मास्क काढून चादरीवर ठेवला. मी बटण दाबलं.

पंखा थांबला. दोन वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरात शांतता झाली. भिंतीवरचं घड्याळ मोठमोठ्याने चालायला लागलं. शेजारी कुणी भांडं आपटलं. आत्याचा श्वास लहान होता, खरखरीत, पण येत होता.

एक मिनिट गेलं.

मग माझी नजर मास्कवर गेली. तो चादरीवर उताणा पडला होता, त्याची नळी बंद मशीनला लावलेली. पारदर्शक प्लास्टिक आतून धुरकट झालं होतं. ओल असेल, म्हटलं. आत्ता तर तोंडावरून काढलाय. धुरकटपणा विरला. परत आला. विरला. परत आला. सहा वेळा नीट. मग अडखळ.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोजत राहिले. चार नीट. अडखळ.

आत्याचीही छाती त्याच तालात पडायला लागली होती. तिला कळत होतं. ती मुद्दाम उशिरा श्वास घ्यायला बघायची आणि छाती आपली आपण आधीच वर यायची, कुणी मुठीत धरून उचलल्यासारखी. ओठ निळसर होऊ लागले. लॅपटॉपवर अजून दोन मिनिटं दाखवत होतं. मास्क धुरकटला, विरला आणि तसाच स्वच्छ राहिला. आत्याचा श्वास थांबला.

सपाट रेघ, माझ्या मनात आलं. पण या वेळी माझ्याकडे पट्टी नव्हती. किती लांब ते मला माहीत नव्हतं.

अकरा. बारा. तेरा. काकांनी फुगा पुढे केला. आत्याने तळहात दाखवून त्यांना थांबवलं आणि दुसऱ्या हाताने शिट्टी ओठांत धरली. छातीत हवाच नाही, वाजणार कशी? तिच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या तटतटल्या. कुणीतरी सोडत नव्हतं आणि ती ओढून घेत होती. तिने डोळे त्या मास्कवर रोखले होते, कपाट उघडून उभ्या असलेल्या चोरटीकडे बघावं तसे.

शिट्टी वाजली. आवाज कमी, हवा जास्त.

मास्क भसकन धुरकटला, अवेळी, घाईने. तिने पुन्हा वाजवली. तो अडखळला. ती वाजवत राहिली, वेडीवाकडी, तालाला मुद्दाम तंगड्या घालत. एक आखूड, एक लांब, मग दोन. मास्कला तिच्या मागून धावावं लागत होतं. मी जे पाहिलं ते तेव्हाच. धुरकट प्लास्टिकवर आतल्या बाजूने ओठ टेकल्याचा ठसा उमटला. आत कुणी नव्हतं, खाली चादर होती, चादरीवरची निळी फुलं ठशातून दिसत होती. ओठ शिट्टी शोधत असल्यासारखे प्लास्टिकवरून सरकले.

पंखा सुरू झाला.

ठसा आधी पुसट झाला, मग नव्हता. लॅपटॉपवर एकशे सातची रांग उभी होती. मी ती वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली, थांबासाहेबांसारखी, मोठ्याने. एकही आकडा हलला नव्हता.

आत्या धापा टाकत होती. कुठल्याही दोन धापा सारख्या नव्हत्या.

"बेडके," तिने हाक मारली. मला, माझ्या नावाने. "बघ कसा तिरपागडा आहे. पण माझा आहे."

काकांनी नवा मास्क लावून दिला. मशीनने हवा ढकलली, आत्याने हवी तेवढी घेतली आणि बाकीची तोंड वाकडं करून सोडून दिली.

मी साहेबांना फोन केला. "सोमवारी सगळ्यांना पाठवायचं," मी म्हणाले. पलीकडे चष्मा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. "थांबा" मात्र ते म्हणाले नाहीत.

८

काका सामान आवरत होते. फुगा घडी करून ठेवला, कागदावर माझी सही घेतली. जुना मास्क त्यांनी जाड पिशवीत घातला आणि पिशवीचं तोंड दोन वेळा गाठ मारून बांधलं, सवयीचं काम असल्यासारखं.

"काका, तुम्हाला दिसलं ना?" मी दारात विचारलं.

त्यांनी एक चप्पल घातली, मग दुसरी घातली.

"ताई, सोमवारी जमलं तर आधी आमच्या गोदामात या," ते म्हणाले. "माणसं गेल्यावर परत आलेली तीस मशीनं आहेत तिथे, वायरी काढून ठेवलेली. त्यांचे मास्क आम्ही भिंतीकडे तोंड करून ठेवतो."